नित्यकर्माचा खर्च

माझं घर काम्यकर्मांवर चालतं. देवळ्यात आणि लोहोणेर, वाजगाव, खर्डे, पार उमराण्यापर्यंत मी भिक्षुकी करतो. कांद्याला भाव आला की सत्यनारायण होतो, भाव पडला की ग्रहशांत होते. दोन्हीकडून माझी दक्षिणा ठरलेली. मूल व्हावं, बोअरला पाणी लागावं, कोर्टातला निकाल आपल्या बाजूनं जावा, असा हेतू धरून जे करतात ते काम्य. श्राद्ध, ग्रहण, बारसं अशा निमित्तानं करावं लागतं ते नैमित्तिक. त्यालाही बोलावणं येतं. राहिलं नित्य: संध्या, देवपूजा, वैश्वदेव. त्याला कुणी बोलावत नाही आणि त्याचे पैसेही कुणी देत नाही. ‘गुरुजी, आमच्या वतीनं रोजची संध्या करत जा, हे घ्या महिन्याचे,’ असं म्हणणारा यजमान मला इतक्या वर्षांत भेटलेला नाही.

आमच्या घरात आणखी एक नित्यकर्म आहे. माझा धाकटा भाऊ बाळू. जन्मला तेव्हा रडलाच नाही. पुढं नाशिकच्या डॉक्टरांनी त्याला सेरेब्रल पाल्सी हे नाव दिलं. आता पन्नाशी ओलांडली आहे. बोलत नाही, पण कान तिखट. सणाला पुरण वाटायला घेतलं की आवाजावरून ओळखतो आणि हसतो. हात मुठी वळून छातीशी गेलेले, पाय आखडलेले. सकाळी डायपर बदलायचा, कोमट पाण्यानं अंग पुसायचं, पाठीला खोबरेल लावायचं. मग मागं उशा देऊन बसवायचं, मान धरायची, मऊ कालवलेला भात चमच्यानं द्यायचा आणि गिळल्याची खात्री झाल्याशिवाय पुढचा घास द्यायचा नाही. एका जेवणाला तास जातो. दिवसा दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीही बदलायची. यातलं निम्म्याहून अधिक माझी बायको करते. मी पहाटे पंचपात्र घेऊन बसतो तेव्हा ती त्याच्या खोलीत असते. नित्यकर्मांची यादी करणारे सगळे पुरुष होते. नाहीतर संध्येच्या आधी कूस बदलण्याचा विधी लिहिला गेला असता.

मीमांसक म्हणतात, नित्यकर्माला फळ नाही. स्वर्ग नाही, पुत्र नाही, धन नाही. मग करायचं कशाला? न केलं तर प्रत्यवाय, म्हणजे दोष लागतो, म्हणून. यावर शंकराचार्यांचा आक्षेप प्रसिद्ध आहे. न करणं हा अभाव. अभावातून भाव कसा उपजेल? जे घडलंच नाही त्यातून पाप नावाची वस्तू कुठून येईल? पंचवटीतल्या पाठशाळेत हा युक्तिवाद आम्हा पोरांना फार आवडायचा, कारण संध्या चुकवायला तो सोयीचा होता.

कूस न बदलणं हाही अभावच. एक-दोन दिवस बदलायची राहिली तर माकडहाडावरची कातडी आधी लाल होते, मग काळवंडते, मग फाटते. नर्स त्या जखमेला बेडसोर म्हणतात. आईच्या शेवटच्या आजारपणात घरात धावपळ होती, त्या दिवसांत बाळूला अशी जखम झाली. भरायला महिने गेले. अभावातून चांगला बोटभर खोल भाव निर्माण झालेला मी रोज ड्रेसिंग करताना पाहिला आहे. आचार्य संन्याशाबद्दल बोलत होते हे मला कळतं. संन्याशाला धाकटा भाऊ नसतो.

बाळूच्या सेवेनं बाळू बरा होणार नाही. त्याच्या सेवेचं फळ इतकंच, की तो काल होता तसा आज आहे. पैसे देणाऱ्याला हे फळ दिसत नाही, मग तो यजमान असो की सरकार.

महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाची जनआरोग्य योजना घ्या. 2012 साली ती राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झाली, पुढं नाव बदललं, आयुष्मान भारतला जोडली गेली, मर्यादा पाच लाखांवर गेली. तिची रचना सरळ आहे: उपचारांची यादी, प्रत्येकाचं ठरलेलं पॅकेज, आधी मंजुरी, मग उपचार, मग रुग्णालयाला रक्कम. संकल्प, विधी, फळ, दक्षिणा. इतकं चोख काम्यकर्म मलाही क्वचित जमतं. तिला मी नावं ठेवणार नाही. घास श्वासनलिकेत जाऊन बाळूला न्यूमोनिया झाला, नाशिकला अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं, तेव्हा त्याच योजनेनं त्याला वाचवलं आणि आम्हाला कर्ज काढावं लागलं नाही. पण घरी आल्यावर तोच घास नीट भरवायला रोज तासभर जो माणूस बसायला हवा, त्याला पॅकेज नाही. प्रत्यवाय घडला की सरकार हजारो रुपये मोजतं. तो घडू नये म्हणून जे रोज करावं लागतं त्याला एक पैसा नाही. निव्वळ हिशेबाच्या अंगानंही हे मला कळलेलं नाही.

राष्ट्रीय न्यास कायदा 1999 चा. त्याखालची निरामय विमा योजना या बाबतीत जरा शहाणी आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांना वर्षाला एक लाखापर्यंत, आणि त्यात ओपीडी आणि थेरपीही धरलेली आहे. पण तीही बिलावर चालते. बायकोचं बिल कुणाच्या लेटरहेडवर फाडायचं?

नित्याच्या सगळ्यात जवळ येते ती संजय गांधी निराधार अनुदान योजना. ती दरमहा मिळते म्हणून मला तिचं मोल मोठं वाटतं. सहाशेचे हजार झाले, हजाराचे दीड हजार, आणि 2025 साली दिव्यांगांसाठी अडीच हजार. त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50,000 च्या आत लागतं. म्हणजे महिन्याला सव्वाचार हजार मिळवणारं घर श्रीमंतात जमा. केंद्राची इंदिरा गांधी अपंग निवृत्तिवेतन योजना 80 टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या दारिद्र्यरेषेखालच्या माणसासाठी आहे आणि तिच्यात केंद्राचा वाटा महिन्याला 300 रुपये. बाळूच्या डायपरचाच खर्च तीन हजारांच्या पुढं जातो.

नैमित्तिकाची मात्र रेलचेल आहे. 3 डिसेंबरला जागतिक दिन, मांडव, हार, फोटो. ग्रामपंचायतींनी आणि नगरपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असा नियम आहे आणि तो चांगला आहे. मार्च जवळ आला की कुठं पिठाची गिरणी निघते, कुठं शिलाई यंत्र, कुठं रोख रक्कम. एका शिबिरात बाळूच्या नावावर तीनचाकी सायकल मंजूर झाली होती. हातानं चालवायची. शेजारच्या आप्पांनी ती पाहिली आणि मला विचारलं, ‘गुरुजी, आते हाई कोन चालाडी?’ ती आम्ही मेशीकडच्या एका पोलिओ झालेल्या मुलाला मिळावी म्हणून खटपट केली. मिळाली, पण त्यासाठी बाळूला ती नको असल्याचा अर्ज द्यावा लागला, आणि अर्जावर सही बाळूची हवी होती.

माझ्या एका यजमानांची लेक अमेरिकेत नर्स आहे. दिवाळीत आली की बाळूशेजारी बसते आणि तिकडचं सांगते. तिकडे अनेक राज्यं अपंगांच्या कायमच्या सेवेचा पैसा कंपन्यांकडे सोपवतात, माणशी महिन्याला ठोक रक्कम. मग कुणाला किती तास मदतनीस मिळेल हे कंपनी ठरवते. शिवाय घरी राहून सेवा मिळावी म्हणून लागलेल्या याद्यांत लोक वर्षानुवर्षं थांबलेले असतात. पैसा आपल्यापेक्षा कितीतरी पट, पण प्रश्न तोच: सुधारणा दिसते का? यावरून तिथं एक खटला झाला. वर्मांट राज्यातल्या ग्लेंडा जिम्मो नावाच्या अंध बाईंचा पाय कापावा लागला होता. त्यांची घरी येणारी नर्सिंग सेवा नाकारली गेली, कारण त्यांच्यात सुधारणा होण्याची चिन्हं नव्हती. 2013 च्या जानेवारीत न्यायालयानं जी तडजोड मान्य केली तिच्यात असं ठरलं, की सेवा द्यायची की नाही हे सुधारणेवर अवलंबून नाही. आहे ती स्थिती टिकवायला किंवा घसरण रोखायला कुशल हात लागत असतील तर तेवढं पुरे. हे ऐकून मी तिला म्हटलं, तुमच्या न्यायाधीशांनी मीमांसा न वाचता नित्यकर्म ओळखलं. ती हसली आणि म्हणाली, ‘काका, कागदावर ओळखलं. फोनवरच्या माणसाला अजून समजवावं लागतं.’

आता दानाविषयी. यावर बोलायचा मला अधिकार आहे, कारण मी दान घेऊन जगणारा माणूस आहे. शास्त्रात दान घेणाऱ्याची आधी परीक्षा होते: काय शिकला, कसा वागतो, लायक आहे का. घेणाऱ्याला दोषही लागतो, प्रतिग्रहाचा, आणि तो फेडायला जप सांगितला आहे. म्हणजे दान फुकट मिळत नाही. घेणाऱ्याला परीक्षेला बसावं लागतं, मान वाकवावी लागते, वर दात्याचा दोष अंगावर घ्यावा लागतो. दक्षिणेचं तसं नाही. दक्षिणेवाचून कर्म पुरं होत नाही, ते देणंच असतं. म्हणून आम्ही भिक्षुक दक्षिणेसाठी हुज्जत घालतो आणि दानासाठी घालत नाही.

बाळूला मिळणारा पैसा सरकारनं दान म्हणून कल्पिलेला आहे. म्हणून परीक्षा. अपंगत्वाचा टक्का, उत्पन्नाचा दाखला, दरवर्षी हयातीचा दाखला. एका कार्यालयात यंत्रावर त्याचा अंगठा उमटेना. तिथला मुलगा वाईट नव्हता, कंटाळलेला होता. म्हणाला, ‘काका, याची मूठ जरा सरळ करा ना.’ मी म्हटलं, ‘बाबा, ती सरळ होत नाही म्हणूनच तर आम्ही इथं आलोय.’ बाळूला तिथवर नेण्यासाठी गाडी केली होती, दोन माणसं लागली होती, आणि उन्हानं त्याला ताप आला तो वेगळाच. सेरेब्रल पाल्सी पन्नास वर्षांनी पुढच्या मार्चअखेर बरी होईल अशी कुणाला शंका आहे, हे मला एकदा समजून घ्यायचं आहे.

आमच्या घरी येणाऱ्या एक मावशी जाताना बाळूच्या पाया पडत. हा देवाचं लेकरू, म्हणत. भाव चांगला, पण मला ते नको वाटे, कारण देवाचं सोवळं असतं आणि याचं डायपर असतं. एखाद्याला देव केलं की त्याला बेडसोर होत नाही असं लोक धरून चालतात. याला अपवाद मला एकच माहीत आहे, तो तेराव्या शतकातल्या ऋद्धिपूरचा. चक्रधरस्वामींचे गुरू गोविंदप्रभू. आमच्या नाशिक भागात महानुभावांची घरं पुष्कळ, त्यांच्याकडून मी गोविंदप्रभूंचं चरित्र घेऊन वाचलं. मी त्या पंथाचा नाही. अनुयायी त्यांना ईश्वरावतार मानतात. गावातले काही लोक त्यांना सरळ वेडा म्हणत, आणि चरित्रकारानं तेही लपवलेलं नाही. ते कुणाच्याही घरात शिरत, हवं ते खात, मूर्तींशी बोलत, हसत सुटत. पुढं नागदेव, म्हाइंभट आणि इतरांनी त्यांची सेवा केली. लीळांचा चमत्कार बाजूला ठेवून वाचलं तर दिसतं ते असं: एक गाव एका माणसाला खाऊ घालतं, शोधून आणतं, त्याचं ऐकून घेतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करतं. त्यानं बरं व्हावं म्हणून कुणी काही करत नाही. आणि ज्या बायका त्याला वेडा म्हणतात त्याही वाढायचं थांबत नाहीत.

प्रारब्धाचा मुद्दा मी लवकर निकालात काढतो. मागच्या जन्मीचं फेडतोय, असं आमच्या आईला लोकांनी तोंडावर ऐकवलं आहे. समजा असेल. प्रारब्ध कुणाचं, हे शास्त्र सांगत असेल. त्यावरून दुसऱ्याचं नित्यकर्म माफ होतं असं कुठल्याही शास्त्रात लिहिलेलं माझ्या वाचनात नाही.

वाटणीचं मात्र सविस्तर सांगितलं पाहिजे. जुन्या धर्मशास्त्रानं जन्मांध, बहिरा, मुका, जड अशांना वडिलोपार्जित मालमत्तेत हिस्सा नाकारला. 1928 च्या कायद्यानं बाकीच्यांवरची बंदी उठवली, पण जन्मतः वेडा किंवा जड असलेल्याला बाहेरच ठेवलं. ते दार उघडलं 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं. जुन्या शास्त्रकारांचा हा अन्याय मी झाकणार नाही. पण मनूनं आणि याज्ञवल्क्यानं त्याच ठिकाणी दुसरी एक गोष्ट सांगितली आणि विज्ञानेश्वरानं ती उचलून धरली: हिस्सा नसला तरी याचं अन्नवस्त्र जन्मभर चालवायचं, आणि जे हिस्सा घेतील त्यांनी ते चालवायचं. मालमत्तेवर तो बोजाच. उरलं तर द्या, असं तिथं लिहिलेलं नाही.

आमच्या वडिलांनी बाळूला संस्कारही दिला आणि हिस्साही. बाळूची मुंज त्यांनी लावली; नातेवाइकांपैकी काहींनी नाकं मुरडली, ज्याला उच्चार येत नाही त्याला गायत्री कशी द्यायची म्हणून. ग्रंथांत दोन्ही मतं सापडतात. वडिलांनी त्याच्या कानात मंत्र सांगितला आणि म्हणाले, ऐकणं त्याच्याकडे आहे, म्हणणं मी करीन. आणि वाटणीपत्रात गिरणेकाठच्या पाच एकरांतले दोन आधी बाळूच्या नावावर काढले, मग उरलेल्या तिनाचे आम्हा दोघा थोरल्या भावंडांत भाग केले. ते दोन एकर आता वाट्यानं लावले आहेत. कांदा बरा गेला तर त्या पैशातून सकाळी मदतीला येणाऱ्या बाईंचा पगार निघतो. नाही गेला तर माझ्या दक्षिणेतून.

सरकारचं म्हणाल तर, राज्यघटनेच्या 41 व्या अनुच्छेदात बेकारी, वार्धक्य, आजारपण आणि विकलांगता यांत सार्वजनिक साहाय्याचा हक्क मिळवून द्यायला राज्याला सांगितलं आहे, पण ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ अशी पुस्ती जोडून. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या 24 व्या कलमात सामाजिक सुरक्षा आहे, तिथंही तीच पुस्ती. त्याच कलमात, ज्यांना जास्त आधार लागतो त्यांची काळजी घेणाऱ्याला भत्ता द्यावा असंही म्हटलं आहे. केरळनं ‘आश्वासकिरणम्’ या नावानं असा भत्ता सुरू केला, तो पुढं महिन्याला 600 रुपये झाला. रक्कम थोडी आहे, पण बाजूला बसलेल्या बाईलाही मोजलं, हे मोठं काम त्या सहाशे रुपयांनी केलं.

क्षमतेच्या मर्यादेत, या पुस्तीवर मीमांसकांनी आधीच विचार करून ठेवला आहे. जैमिनीच्या मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात चर्चा येते: साहित्य अपुरं असेल तर कर्म करावं का? उत्तर असं, की काम्यकर्म करायचं तर सर्व अंगांसह करा, नाहीतर करूच नका. फळ हवं असेल तर सगळं साहित्य लागतं. नित्यकर्म मात्र यथाशक्ती करा. तूप नसेल तर जे आहे त्यानं, पण करा. यथाशक्तीनं किती, एवढंच ठरतं; करायचं की नाही हे तिच्या हातात नाही. सरकार नेमकं उलट वाचतं. रस्ता, स्मारक, मेळावा यांना सर्व अंगांसह पैसा येतो, आणि बाळूच्या खोलीशी आलं की क्षमतेची मर्यादा आठवते. घटनेतच ‘भारित खर्च’ नावाची सोय आहे: राज्यपालांचं वेतन, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे पगार, कर्जाचं व्याज हे तिजोरीवर आधीच भारित असतात, त्यावर विधानसभेत मतदान होत नाही. बाळूची कूस बदलण्याचा खर्च व्याजाच्या रांगेत बसला पाहिजे, असं माझं म्हणणं आहे.

पाठशाळेतला माझा एक सोबती नाशिकला प्रवचनं करतो. त्याला हे पटत नाही. तो म्हणतो, सगळंच सरकारनं केलं तर घरातल्यांचं पुण्य काय उरलं? मी म्हणालो, संध्या करून तुला पुण्य मिळत नाही असं तूच शिकवतोस, तरी करतोस ना? मग दुसरा, जास्त अवघड प्रश्न त्यानं टाकला: विधवेचं नित्य नाही का, म्हाताऱ्याचं नाही का, सगळेच भारित झाले तर विधानसभेत मतदानाला उरणार काय? याचं पुरतं उत्तर माझ्याकडे नाही. विधवेचंही नित्यच आहे, हे मी कबूल केलं. यादी लांबते म्हणून यादीतलं पहिलं नाव खोडायचं, हे मात्र मी कबूल केलं नाही. आमचं भांडण चालू आहे.

सगळ्यात मोठा प्रश्न आमच्या पश्चातचा. अमरावती जिल्ह्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी बेवारस दिव्यांग मुलं वाढवली, त्यांना बाप म्हणून आपलं नाव दिलं. 2024 साली त्यांना पद्मश्री मिळाली. बालगृहाच्या नियमानं मूल अठरा वर्षांचं झालं की बाहेर, आणि हा नियम दिव्यांगांसाठी बदलावा म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं मागणी लावून धरली आहे. अठराव्या वाढदिवशी सेरेब्रल पाल्सी सुटत नाही हे सांगायला पद्मश्री मिळालेल्या माणसाला झगडावं लागतं.

माझा मुलगा पुण्याला नोकरीला आहे. त्याचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. परवा म्हणाला, ‘बाबा, काकाला मी नेईन, तुम्ही काळजी करू नका.’ राष्ट्रीय न्यासाखाली पालकत्वाचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे करावा लागतो, त्याची कागदपत्रं मी जमवतो आहे. त्याला म्हटलं, न्यायचं नंतर पाहू. आधी सुट्टी काढून इथं ये आणि कूस कशी बदलायची, घास कसा द्यायचा, ते आईकडून शिकून घे. आणि सूनबाईंवर सोडू नकोस. दिवाळीनंतरची रजा त्यानं टाकली आहे, साहेबांनी अजून मंजूर केलेली नाही.